बी-३०४ चं सैन्य

पानिपतची लढाई यंदा अब्दालीने एकट्याने जिंकली. जेल रोडवरच्या द्राक्षकुंज सहकारी गृहनिर्माण संस्थेत, चौदा जानेवारीला, संध्याकाळी पाच वाजून वीस मिनिटांनी, सी विंगच्या पार्किंगसमोर. त्याच्या बाजूने तो स्वतः होता. समोर एक्केचाळीस मराठे, एक हत्ती आणि दोन स्पीकर होते. रक्ताचा थेंबही न सांडता तीन मिनिटांत निकाल लागला.

असं काहीही झालेलं नाही.

म्हणजे तसा ठरावच आहे. सोळा तारखेच्या तातडीच्या सभेत तो एकमताने मंजूर झाला. त्यावर सूचक आणि अनुमोदकाच्या सह्या आहेत, खाली गोल शिक्का आहे. आणि सोसायटीत एखादी गोष्ट झाली की नाही, हे शेवटी शिक्काच ठरवतो. तेव्हा जे झालंच नाही ते कसं झालं, एवढंच सांगायचं उरतं.

अब्दाली म्हणजे मयुरेश अहिरे. वय एकोणतीस, गाव सटाण्याजवळचं, लग्न व्हायचंय. एकलहऱ्याच्या वीज केंद्रातून राख घेऊन बाहेर पडणाऱ्या टँकरची वजनकाट्यावर नोंद करायची, ही त्याची नोकरी. काट्यावरच्या केबिनला खिडकी एकच आणि ती नेमकी ड्रायव्हरच्या कोपराच्या उंचीवर. त्यामुळे दोन वर्षांत मयुरेशने हजारो माणसांचे कोपर बघितले होते. काही कोपरांशी तर चांगली जानपछान झाली होती. एका कोपरावर ‘आई’ असं गोंदलेलं होतं. तो कोपर रजेवर गेला तेव्हा मयुरेशला चार दिवस करमलं नाही.

राहायला तो द्राक्षकुंजात, बी-३०४ मध्ये, भाड्याने. अकरा महिन्यांचा करार एकतीस जानेवारीला संपणार होता. आधी तो आपोआप वाढायचा. पण दिवाळीनंतर कमिटीने नवा नियम काढला: एकट्या राहणाऱ्या भाडेकरूचा करार वाढवायचा असेल, तर दोन सभासदांनी एका छापील फॉर्मवर सही करायची. फॉर्मवर लिहिलेलं होतं, ‘आम्ही सदर भाडेकरूस व्यक्तिशः ओळखतो.’ घरमालकाची सही चालणार नव्हती, कारण भाडं मिळत असलं की माणूस कोणालाही ओळखतो, असं कमिटीचं म्हणणं पडलं. त्यात तथ्य होतं.

मयुरेशने आपल्या ओळखी आठवून बघितल्या. तीनशे तीनवाल्या गायधनींनी एकदा दार वाजवून ‘तुमचं कुरिअर’ म्हणून पाकीट दिलं होतं. ते तीनशे पाचचं निघालं. लिफ्टमध्ये एका बाईंनी ‘कितवा?’ असं विचारलं होतं. त्याने ‘तिसरा’ म्हटलं, आणि विषय तिथेच संपला. गेटवरचा वॉचमन नाथा त्याला रोज बघायचा, पण रोज विचारायचाही, “कोणाकडे जायचंय?”

“माझ्याकडे.”

नाथा शहाण्यासारखा वहीत लिहून घ्यायचा. येणाऱ्याचे नाव: मयुरेश. कोणाकडे: मयुरेश. कारण: भेट.

नाशिक रोडला खोल्यांचा काही दुष्काळ नव्हता. एकतीसला सामान उचललं असतं आणि दुसरीकडे टाकलं असतं. पण बहात्तर फ्लॅटच्या इमारतीत आपल्याला ओळखणारी दोन माणसं निघाली नाहीत, हे सोबत घेऊन जायचं म्हणजे सामानात एक फार जड वस्तू वाढत होती, आणि ती कोणत्या टेम्पोत चढवायची ते मयुरेशला कळेना.

अशात जानेवारीच्या पहिल्या रविवारी पार्किंगमध्ये सभा लागली. मयुरेश मागे, मोटरसायकलींच्या रांगेत उभा राहिला.

“यंदा काहीतरी ऐतिहासिक करू,” अध्यक्ष महेशभाऊ बोराडे म्हणाले. त्यांचं द्राक्षाच्या औषधांचं दुकान होतं आणि आवाज फवारणीच्या पंपासारखा होता. “दर संक्रांतीला आपण पतंग उडवतो आणि पाण्याच्या टाकीचं झाकण फोडतो. चौदा जानेवारी म्हणजे पानिपत. पानिपतच करू!”

टाळ्या झाल्या. टाळ्या संपल्यावर ए विंगचे चिंतामण गर्गे सर उठले. सर इतिहास शिकवून निवृत्त झाले होते आणि निम्म्या कमिटीला त्यांनी कधी ना कधी वर्गाबाहेर उभं केलं होतं.

“पानिपतात आपण हरलो होतो, महेश.”

“माहितीये सर, तुम्हीच शिकवलंय. पण सणासुदीला हरायचं कशाला? लोक तिळगूळ घ्यायला येणार आणि आपण आडवे पडलेलो. बरं दिसतं का ते?”

“लढाई आहे ती. बरं दिसायला केळवण आहे काय?”

मग मतदान झालं आणि यंदापुरतं मराठ्यांनी जिंकावं असं ठरलं. माझा विरोध नोंदवा, असं सर म्हणाले. सेक्रेटरी तेजस्विनीताईंनी वहीतून मान वर केली. “सर, तुमचा विरोध नाही नोंदवता येत. फ्लॅट सूनबाईंच्या नावावर आहे. तुम्ही सभासद नाही.” सर खाली बसले. हे त्यांना दर सभेत सांगावं लागायचं आणि दर सभेत ते असेच बसायचे.

सैन्यभरती सुरू झाली. दहा मिनिटांत एक्केचाळीस मराठे झाले. सदाशिवरावभाऊ स्वतः महेशभाऊ. विश्वासराव दोन झाले, कारण दोघेही ए विंगचे होते आणि कोणी मागे हटेना. मल्हारराव, दत्ताजी, जनकोजी सगळे भरले. दत्ताजी वर्षभर आधीच गेले होते असं सरांनी सांगून बघितलं, पण ज्यांना दत्ताजी मिळाला होता त्यांनी फेट्याची ऑर्डर देऊन टाकली होती. अब्दालीचं पान तेवढं कोरं राहिलं.

“कोणीतरी व्हा की हो,” महेशभाऊ काकुळतीला आले. “चार मिनिटांचं काम आहे. यायचं, ओरडायचं, मरायचं.”

“नको बाबा,” गायधनी म्हणाले. “उद्यापासून लिफ्टमध्ये लोक बघत बसतील.”

लिफ्टमध्ये लोक बघतील, हे ऐकलं आणि मयुरेशने हात वर केला.

सगळ्यांनी मागे वळून बघितलं. एवढे चेहरे एकदम आपल्याकडे वळलेले त्याने या इमारतीत प्रथमच पाहिले. कोपर कुठेच दिसत नव्हते.

“आपण?”

“बी तीनशे चार.”

“मालक?”

“भाडेकरू.”

“मग प्रश्नच मिटला!” महेशभाऊंचा जीव भांड्यात पडला. “बाहेरचाच माणूस पाहिजे होता.”

“आणि माझं सैन्य?” मयुरेशने विचारलं.

“किती लागेल?”

“साठ हजार धरतात,” सर म्हणाले.

महेशभाऊंनी पार्किंगवर नजर फिरवली, एका जीपचा अंदाज घेतला आणि म्हणाले, “तेवढे नाही बसणार. तुम्ही असं करा, जरा पसरून उभे राहा.”

त्या दिवसापासून संध्याकाळी सहाला पंपघराशेजारच्या बाकावर गर्गे सर बसलेले असायचे. पहिल्या दिवशी मयुरेशला वाटलं, हे दुसऱ्या कोणाची तरी वाट बघताहेत. पण सरांनी बाकावर थाप मारली. “अब्दाली, बस इथे. तुझी माहिती सांगतो तुला.”

मग रोज अर्धा तास सर त्याला त्याची माहिती सांगत. तो किती लांबून आला, यमुनेला पूर असताना कसा पार झाला, त्याची माणसं इथल्या उन्हाळ्याला कशी कंटाळली. मयुरेश ऐकत राही. आपल्याबद्दल कोणाला इतकं माहीत असावं, हे त्याला नवीन होतं.

“मग जिंकून त्याला काय मिळालं, सर?”

“काही नाही रे. तह केला, घरी गेला. एवढी मोठी लढाई जिंकली आणि पुन्हा काही दिल्लीला आला नाही.”

“का?”

“इथे त्याचं होतं कोण?”

बरोबर साडेसहाला वरच्या गॅलरीतून सूनबाईंची हाक यायची, “बाबा, गोळी!” सर उठायचे, उठताना मयुरेशच्या खांद्याचा आधार घ्यायचे. गोळीसाठी उठलेला माणूस दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच बाकावर असेल, याची मयुरेशला हळूहळू सवय लागली.

मराठ्यांच्या तालमी सी विंगच्या टेरेसवर चालायच्या. दुसऱ्याच दिवशी मयुरेश तिथे गेला. आतून हसण्याचे आवाज येत होते, भेळेचा वास येत होता. दार किलकिलं करून कोणीतरी म्हणालं, “तुम्ही नका येऊ हो. शत्रूला कसं घ्यायचं? डावपेच फुटतील.”

“मला एकदा मारून बघितलं असतं, तर अंदाज आला असता.”

“ते आम्ही त्या दिवशी मारू की. काळजी नका करू.”

दार लागलं. मग तो आपल्या हॉलमध्ये एकटाच मरायची तालीम करू लागला. कधी छातीवर हात ठेवून, कधी गुडघ्यावर येऊन. चौथ्या मरणाला इंटरकॉम वाजला. खालून दोनशे चारच्या बाई होत्या.

“वरती सारखं काय पडतंय हो?”

“मी.”

“बरं. जरा हळू पडत जा.”

द्राक्षकुंजात आल्यापासून झालेलं हे सगळ्यात मोठं संभाषण होतं. मयुरेशने त्या दिवशी आणखी दोनदा मरून बघितलं, पण हळू. इंटरकॉम वाजला नाही.

पोशाख भाड्याने देणाऱ्याकडे अब्दालीचा असा पोशाख नव्हता. त्याने एक लांब झगा दिला. नाताळ होऊन गेल्यामुळे सांताक्लॉजच्या दाढ्या पडून होत्या, त्यांतली एक दिली. मयुरेशने ती काळी मेंदी लावून रंगवली. लावल्यावर आरशात तो त्याचा त्यालाच ओळखू येईना, म्हणून तो खूष झाला. यात पुढे काय घोटाळा होणार आहे ते त्या वेळी सुचण्याचं कारण नव्हतं.

बेत पक्का होता. लढाईत तो सगळ्यांच्या हातून मरणार, मग ग्रुप फोटो, आणि फोटो झाला की कमरेच्या शेल्यातून ओळखीचा फॉर्म बाहेर काढायचा. ज्या माणसाला आपण बायकामुलांदेखत ठार मारलं, त्याला आपण ओळखत नाही, असं कोणत्या तोंडाने म्हणतील?

चौदा तारखेला सकाळी गावाहून आजीचा फोन आला. लंकाबाईंचं वय ब्याऐंशी, बोलणं पक्कं अहिराणी.

“संक्रांतले येस का घर?”

“नही आजी. आज लढाई शे.”

“कोनासंगे?”

“बठ्ठासंगे.” म्हणजे सगळ्यांशीच.

आजीने विचारलं, “आन् तुन्हा बाजूले कोन शे?”

“आजी, रेंज जाई राहिनी,” मयुरेश म्हणाला. रेंजच्या चारही काड्या भरलेल्या होत्या.

दुपारी चारला हत्ती आला. महेशभाऊंचा मेहुणा वाळू दिंडोरीहून बागेतला छोटा ट्रॅक्टर घेऊन आला होता. त्याला दोन सुपांचे कान होते, फवारणीच्या पाइपची सोंड होती, आणि वर बांबूची अंबारी. ट्रॅक्टर चालू करताना सोंडेत उरलेलं औषध उडालं आणि दोन्ही विश्वासराव निळे झाले. पण त्यांच्यात फरक करायला निदान आता काही उरलं नाही, असं म्हणून सगळे पुढे सरकले.

मयुरेशला पंपघराच्या मागे उभं केलं होतं. तुतारी वाजली की त्याने यायचं. तो शक्य तितका पसरून उभा होता. पंप चालू असल्यामुळे पलीकडचं त्याला धड काही ऐकू येत नव्हतं, अधूनमधून महेशभाऊंचा आवाज तेवढा कळत होता. महेशभाऊ अंबारीत उभे राहून बोलत होते. सोसायटीतल्या शिस्तीपासून सुरुवात करून ते पस्तीस मिनिटांत ओल्या-सुक्या कचऱ्यापर्यंत आले होते.

मराठी सैन्य पश्चिमेकडे तोंड करून उभं होतं. पाच वाजून गेले होते आणि ऊन थेट डोळ्यांत येत होतं. लढाईनंतर ठेवलेल्या मिसळीला पोट मोकळं राहावं म्हणून सकाळपासून कोणी नीट जेवलेलं नव्हतं. ए विंगमध्ये बायकांचं हळदीकुंकू चालू होतं, तिकडून तर्रीचा वास येऊ लागला. सैन्याची चुळबुळ सुरू झाली. तेवढ्यात सी विंगमधल्या एका पांढऱ्या गाडीने हॉर्न द्यायला सुरुवात केली. तिला बाहेर पडायचं होतं आणि वाटेत हत्ती उभा होता. गाडीवाला अध्यक्षांशिवाय कोणाशी बोलायला तयार नव्हता. महेशभाऊ अंबारीतून उतरले आणि गाडीच्या खिडकीत डोकं घालून उभे राहिले.

मागच्या फळीने मान वर केली तर अंबारी रिकामी.

“भाऊ उतरले.”

“संपलं वाटतं.”

“कोण जिंकलं?”

“आपणच. ठरलंय ना.”

आणि मराठे ए विंगच्या दिशेने निघाले. आधी चार-पाच निघाले, मग सगळेच. पुठ्ठ्याच्या तलवारी हातात घेऊन मिसळ खाता येत नाही, म्हणून त्या तिथेच टाकल्या. महेशभाऊ गाडीवाल्याचं समाधान करून वळले, मागे सैन्य नाही असं दिसल्यावर तेही सैन्याला थांबवायला म्हणून धावले, आणि वास आल्यावर चालू लागले.

पंपघरामागे मयुरेशने आणखी दोन मिनिटं वाट पाहिली. तुतारी वाजेना. मग विसरले असतील म्हणून त्याने झगा सावरला, शिकवल्याप्रमाणे आरोळी ठोकली आणि मैदानात धाव घेतली. आधी डावीकडे धावला, मग उजवीकडे, म्हणजे सैन्य मोठं वाटावं.

मैदानात कोणी नव्हतं. तलवारी पडल्या होत्या, एक चप्पल पडली होती. हत्तीवर वाळू बिडी ओढत बसला होता.

“आपनच का ते?” वाळूने विचारलं.

“हो.”

“बाकीचे कुठं हायेत?”

“मी एकटाच आहे.”

“तुमचे नाय हो, आमचे!”

मयुरेशने चौफेर पाहिलं. “गेले वाटतं.”

“मंग जिंकलं कोन?”

“बहुतेक मी.”

“बरं झालं,” वाळू पाहुण्याच्या अदबीने म्हणाला. “मंग हत्ती काढू का? फवारनी राह्यलीय लय.”

हत्ती दिंडोरीला निघून गेला. त्याच वेळी वरच्या गॅलरीतून टाळ्या ऐकू आल्या. गर्गे सर कठड्याला धरून उभे होते. “असंच! अरे अगदी असंच झालं होतं! उपाशी सैन्य, डोळ्यांत ऊन, अंबारी रिकामी दिसली आणि सगळे...”

“बाबा, ओरडू नका हो. आत या.”

गॅलरीचं दार लागलं. आजूबाजूच्या गच्च्यांवरून कोणाचा तरी पतंग कटल्याची ओरड होत होती, पण ती त्याच्यासाठी नव्हती. मयुरेश मैदानात अर्धा तास थांबला. हरलेला माणूस पळून जाऊ शकतो, मेलेल्याला उचलून नेतात. जिंकलेल्याने पुढे काय करायचं असतं, ते त्याला कोणी सांगितलेलं नव्हतं. शेवटी त्याने सगळ्या तलवारी गोळा केल्या आणि भिंतीला नीट लावून ठेवल्या. कोणाच्या पायात आल्या असत्या.

मग तो मिसळीच्या रांगेत गेला, आणि तिथे आक्रीत घडलं.

“अरे, अब्दाली आले!”

“या खान! तर्री वाढा रे त्यांना, लांबून आलेत!”

“अहो, आम्ही तुम्हाला मारायचं विसरलोच की!”

लोक हसले. गायधनींनी गळ्यात हात टाकून सेल्फी काढला. दोघा निळ्या विश्वासरावांनी त्याच्या दोन्ही बाजूंना उभं राहून फोटो काढला. एका आजींनी हातावर तिळगूळ ठेवला, “गोड बोला हो,” म्हणाल्या. मयुरेश इतका गोड बोलला की त्याचं त्यालाच ऐकू येईना. दाढीत शेव अडकली होती, पण ती काढायला हात मोकळा नव्हता, सगळे हातात हात देत होते. त्याने धीर करून शेल्यातून फॉर्म काढला.

“सही? देतो की. पण आत्ता हात बघा तर्रीने भरलेत. उद्या या.”

“उद्या नक्की.”

“अहो त्यात काय विचारायचं! उद्या या.”

असं अकरा जणांनी ‘उद्या’ म्हटलं. सह्या दोनच लागत होत्या. त्या संध्याकाळी मयुरेशने घरी गेल्यावरही बराच वेळ दाढी काढली नाही. दाढीसकट भांडी घासली.

पण उद्या उजाडायच्या आत शेजारच्या सोसायटीतून कोणीतरी काढलेला व्हिडिओ फिरू लागला होता. मथळा होता, ‘मिसळीसाठी पानिपत सोडलं.’ त्यात एक्केचाळीस मराठे ए विंगकडे चाललेले दिसत होते आणि मागून एक दाढीवाला माणूस मोकळ्या मैदानात एकटाच इकडून तिकडे धावत होता. व्हिडिओ दुपारपर्यंत सिन्नर फाट्याला पोहोचला, संध्याकाळी महेशभाऊंच्या सासुरवाडीला. सोळाला तातडीची सभा झाली. चौदा जानेवारी रोजी संस्थेच्या आवारात हळदीकुंकू व अल्पोपाहार एवढाच कार्यक्रम झाला, कोणतीही लढाई झालेली नाही, सबब ती कोणी हरलेलेही नाही. एकमताने मंजूर.

दोन दिवस काट्यावर दुहेरी पाळी लागल्यामुळे थेट सतराला, कामावरून आल्यावर, मयुरेश फॉर्म घेऊन निघाला. आधी तीनशे तीन.

गायधनींनी दार उघडलं. “कोण पाहिजे?”

“मी मयुरेश. समोरचा. संक्रांतीला तुम्ही म्हणालात, सही...”

“मी? तुम्हाला?”

“गळ्यात हात टाकला होतात.”

“छे हो. तो दाढीवाला होता.”

मयुरेश घरी आला, दाढी लावली, पुन्हा बेल वाजवली.

“अरे, अब्दाली! या, या!” गायधनींचा चेहरा उजळला. “काय धावलात हो! आमच्या साडूने सांगलीहून फोन केला.” मग त्यांची नजर फॉर्मवर गेली. त्यांनी तो वाचला, पुन्हा वाचला आणि आवाज खाली आणला. “हे बघा, तुम्हाला तर मी ओळखतो. पण इथे नाव दुसऱ्याचंच दिसतंय. आणि अब्दालीला ओळखतो असं लिहावं, तर तुम्ही झालेलाच नाहीत. ठरावावर माझीच सही आहे.”

उरलेल्या दहा जणांकडे तो दाढी खिशात घेऊन गेला. माणूस बघून लावायची, असं ठरवलं होतं. दोघांनी दारातून तिळगूळ दिला. सही कोणी दिली नाही.

तेजस्विनीताई तेवढ्या खरंच हळहळल्या. त्यांनी त्याला खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं. “मी केली असती हो सही. पण हा रकाना बघा. ‘ओळख कोणत्या प्रसंगी झाली.’ त्यात काय लिहू? हळदीकुंकवाला आला होतात, असं लिहू?”

“लिहा ना.”

“पुरुष नसतात हो हळदीकुंकवाला.”

सहाला तो बाकावर गेला. सर तिथेच होते. सगळं ऐकून ते खवळले. “आण इकडे! मी ओळखतो तुला. रोज अर्धा तास ओळखतो. बघू कोण नाही म्हणतं!” त्यांनी खिशातलं शाईचं पेन काढलं. पहिल्या सहीच्या जागी देवनागरीत सही केली, दुसऱ्या जागी मोडीत, म्हणजे दोन माणसं वाटावीत. दोन्ही सह्या चालणार नव्हत्या हे दोघांनाही माहीत होतं. तरी सरांनी शाई वाळेपर्यंत कागदावर फुंकर घातली. मग वरची ओळ भरायची राहिली असं त्यांच्या लक्षात आलं.

“हां. तुझं नाव काय रे?”

मयुरेशने नाव सांगितलं. फॉर्म मांडीवर ठेवून सरांनी ते नाव सावकाश, उकार-वेलांट्या वळवून, शाळेच्या फळ्यावर लिहावं तसं लिहिलं, आणि लिहून झाल्यावर बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिले.

“मयुरेश,” ते म्हणाले. “मला वाटलं होतं मी विचारलंय.”

“असू द्या सर.”

“बाबा, गोळी!” वरून हाक आली.

दुसऱ्या दिवशी दुपारी काट्यावर टँकर कमी होते. मयुरेशने वजनाच्या पावतीचा एक कागद उलटा केला, जेवणाचा डबा बाजूला सारला आणि सोसायटीसाठी अर्ज लिहायला घेतला. एकदा खिडकीत कोपर आला, वजन घेतलं, कोपर गेला. तेवढं सोडलं तर अर्ज एका दमात लिहून झाला. संध्याकाळी तेजस्विनीताईंनी तो न वाचता आवक क्रमांक टाकून फाइलला लावला. तो असा:

प्रति,
मा. अध्यक्ष,
द्राक्षकुंज सहकारी गृहनिर्माण संस्था मर्यादित,
जेल रोड, नाशिक रोड.

विषय : दि. १४ जानेवारी रोजी न झालेल्या लढाईपश्चात तहाची बोलणी करणेबाबत.

महोदय,

उपरोक्त विषयान्वये अर्ज सादर करण्यात येतो की, सदर लढाई झाली नसल्याचा संस्थेचा ठराव अर्जदारास पूर्णपणे मान्य आहे. तथापि सदर न झालेल्या लढाईत अर्जदार विजयी झालेला असून, आजतागायत पराभूत पक्षाकडून कोणीही त्याच्याकडे शरण आलेले नाही. तसेच शरण येण्यास नकार देण्यासाठीही कोणी आलेले नाही. सबब तह प्रलंबित आहे.

अर्जदाराची प्रदेश, खंडणी अथवा सही यांपैकी कोणतीही मागणी नाही. तहाच्या अटी अद्याप ठरविलेल्या नाहीत, त्या बोलता बोलता ठरतील. प्रतिनिधी सभासद असण्याची अथवा त्याने अर्जदारास आधीपासून ओळखण्याची अट नाही. अर्जदार दि. ३१ जानेवारीपर्यंत दररोज सायंकाळी सातनंतर घरी एकटाच असतो. दार ढकलल्यास उघडते. चहा ठेवण्यात येईल.

तरी मा. महोदयांनी पराभूत पक्षातर्फे एक (१) प्रतिनिधी, किमान अर्धा तास बसण्याच्या तयारीने, बी-३०४ येथे पाठविण्यास मंजुरी द्यावी, ही नम्र विनंती.